हरलेल्यानं बोलायचं

आमच्या घरी टेबल टेनिस जेवणाच्या टेबलावर चालतं. मधे जाळी म्हणून पुस्तकांची रांग. चेंडू भाजीत पडला की सासूबाई म्हणतात, "आता तोच वाढते तुम्हाला!"

हा उद्योग माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा. क्रीडागृहात गुणफलक सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. ते निवृत्त झाल्यावर तिथे इंग्रजीतून निकाल पुकारायला माणूस हवं होतं. ती नोकरी मला जिवापाड हवी होती. दुकानातलं काम सुटल्यापासून घरात बसून मी नुसती चिडचिडी झाले होते. आवाज माझा खणखणीत, पण इंग्रजी म्हटलं की दातखीळ.

"पुस्तक ठेव, बॅट घे," बाबा म्हणाले. "नियम एकच. जिंकेल त्यानं गप्प बसायचं. हरेल त्यानं कसा हरला ते इंग्रजीत सांगायचं."

"हा कुठला न्याय?"

"जिंकलेल्याचं तोंड तसंही बंद होत नाही. त्याला काय शिकवायचं?"

म्हातारा कसला, वस्ताद! दयामाया नाही. मी रोज हरायचे आणि रोज बोलायचे. नुसत्या 'आय लॉस्ट'वर भागायचं नाही. एका गुणानं हरले तर 'नॅरोली', धुव्वा उडाला तर 'थ्रॅश्ड'. एकदा मी चेंडूला दोष द्यायला लागले, तर म्हणाले, "सबबीलाही इंग्रजीत शब्द आहे. तो मी शिकवणार नाही." हरून हरून माझी जीभ सुटली. त्यांनी दया येऊन मला जिंकू दिलं असतं, तर मी मुकीच राहिले असते. हे उपकार मी विसरणार नाही.

नोकरीच्या परीक्षेत क्रीडागृहातल्या एका अंतिम सामन्याचा निकाल पुकारायचा होता. विजेतीचं नाव कसंबसं घेतलं. हरलेल्या मुलीबद्दल बोलायची वेळ आली, तेव्हा मात्र शब्द आपसूक आले. ती किती चिवट झुंजली, किती थोडक्यात हुकली, सगळं सांगितलं. लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

घरी आले, तर बाबा बॅट हातात घेऊन टेबलाशी एकटेच बसलेले.

"काय झालं गं?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

मी चपला काढल्या, बाबांच्या समोर बसले आणि तोंड घट्ट मिटलं.

"अगं, बोल की! हुकली का नोकरी?"

मी गप्प. सासूबाईंचा चेहरा उतरला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बॅट खाली ठेवली आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"ती कशाला बोलेल?" ते म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा नियम मोडला. "वुई वॉन!"