सोडामामांची घाई

सोड्याची बाटली कशी उघडावी, यावर आमच्या सोडामामांचं ठाम मत होतं. झाकण जरासं फिरवायचं, फुस्स होऊ द्यायचं, थांबायचं, पुन्हा जरासं. तोवर इंदूरच्या मल्हारगंजातल्या त्यांच्या घरी जमलेल्या आम्हा भाचरांची सेव संपलेली असे. कोणी कुरकुरलं की इंदुरी थाटात म्हणत, "आराम से, भिया. घाई केली की गॅस निघून जातो अन् हाती काही लागत नाही."

मामांची सगळी नोकरी गुजरातेत तेलविहिरींवर गेली. जमिनीखाली तेलाचा हौद असतो, असं आम्हाला वाटे. "हौद कुठला? दगड आहे. लोणच्याच्या फोडीत मुरतं ना, तसं तेल दगडात मुरलेलं असतं," ते सांगत. विहिरी म्हाताऱ्या झाल्या की उरलेलं तेल दगड सोडत नाही. मग खाली कार्बन डायऑक्साइड सोडायचा, म्हणजे सोड्यातलाच गॅस. तो तेलात विरघळतो, तेल फुगतं, पातळ होतं आणि सरकत सरकत शेजारच्या विहिरीतून वर येतं.

मी इंजिनिअर होऊन त्यांच्याच जुन्या तेलक्षेत्रावर रुजू झाले, तेव्हा मामांनी मला जवळ बसवून घेतलं. तिथला गॅसचा पहिला प्रयोग त्यांचा होता. "मोठे साहेब येणार होते. त्यांना तेल दाखवायचं म्हणून मीच दाब वाढवायला लावला. गॅसला दगडात फट सापडली अन् सीधा बाहर. तेल वहीं का वहीं. प्रयोग बंद." मग म्हणाले, "दगडाचा दोष नव्हता, बेटा." हसऱ्या मामांच्या मनात एवढं सलत असेल, हे मला कधी कळलंच नव्हतं.

परवापरवा तो प्रयोग पुन्हा सुरू झाला आणि माझ्याकडे आला. मामा तोवर अंथरुणाला खिळले होते. रोज फोन यायचा, "दाब वाढवला नाहीस ना?" वरून माझ्यामागेही तगादा होता, पण मी बधले नाही. कधी गॅस, कधी त्याला आवरायला पाणी, असं बेताबेतानं सोडत राहिले. भीती वाटायची ती वेगळीच. तेलाला उशीर झाला तर चालेल, पण मामा तोवर थांबतील ना?

मामा थांबले. तेल आलं, तेव्हा छोट्या बाटलीत थोडं घेऊन मी इंदूरला गेले. त्यांनी वास घेतला आणि डोळे पुसले. "हेच ते. माझंच राहिलेलं," म्हणाले. मग मामीकडून सोडा मागवला. बाटली चांगली हलवली आणि झाकण एका झटक्यात उघडलं. फेस चादरीवर, माझ्या अंगावर, मामीच्या पदरावर.

"अहो, हे काय?" मामी म्हणाली.

"आता करू दे घाई," मामा हसत म्हणाले.

आठवड्याभरात ते गेले. एवढी घाई मात्र त्यांनी करायला नको होती.