लेक नदीतला कोट बघायला गेली

माझी लेक इथल्या विद्यापीठात जुन्या बांधकामांचा अभ्यास करते. मी तिच्याकडे, परदेशात उइटहॉर्न गावी राहते. मागच्या सप्टेंबरात ती एकटी रशियात गेली. तिकडे फिनलंडच्या सीमेजवळ, नदीतल्या एका बेटावर तिथल्या कारेलियन लोकांनी कितीतरी शतकांपूर्वी दगडी कोट बांधला होता. आता नुसते अवशेष आहेत. युद्धामुळे विद्यापीठ तिकडे कुणाला पाठवत नाही. हिनं स्वतःची रजा काढली. पासपोर्ट भारताचा, म्हणून व्हिसा मिळाला.

"पडक्या भिंतीसाठी जीव धोक्यात घालायचा?" मी विचारलं.

"आई, ती भिंत आहे तोवर बघू दे."

सकाळी तिच्या हातावर दही घातलं आणि ती गेली. आमच्यात माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढत नाहीत. माझा यावर विश्वास आहे का, ते मलाही सांगता येणार नाही. पण आजवर मोडलेलं नाही, आणि नेमकं त्या दिवशी मोडायची माझी तयारी नव्हती.

या घरात केर यंत्र काढतं. गोल, कासवासारखं. वेळ झाली की आपोआप निघतं. त्या दिवशीही निघालं. मी ते उचलून सोफ्यावर उलटं ठेवलं. चाकं हवेत फिरली, ते इंग्रजीत काहीतरी बोललं आणि थांबलं.

जावई घरूनच काम करत होते. ते खाली आले. "आई, यंत्र मला फोनवर कळवतंय, अडकलोय म्हणून."

"अडकू दे. ती पोचली की सोडा."

"तुम्ही हे खरंच मानता?"

"तुम्ही सारखा फोन बघताय, ते काय आहे मग?"

ते फोन खिशात घालून वर गेले.

वाटेत विमान बदलताना इस्तंबूलहून मेसेज आला, पुढं काही नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. फोन लावला की रशियन बाई काहीतरी बोलायची. सोफ्याखाली धूळ दिसायला लागली. जावयांची थट्टा बंद झाली. मी दोन्ही वेळा जेवले, कारण उपाशी राहून तिचा फोन लागणार नव्हता.

त्या संध्याकाळी अनोळखी नंबरवरून तिचा आवाज आला. "पोचले गं. इथं नेट बंद असतं. घरमालकिणीच्या फोनवरून बोलतेय."

"नदीच्या काठाला जाऊ नकोस."

"नदी नाहीच आई. ती कधीच वाट बदलून गेली. कोट झाडीत आहे. कमरेएवढी भिंत, वर शेवाळ."

"मग बघितलंस काय एवढं?"

"कमरेएवढी भिंत." ती हसत होती. मला राग आला, आणि मी जिन्यावर बसले. जावयांनी यंत्र सरळ करून सोडलं.

शनिवारी ती तिथून परत निघायची होती. मी सकाळी खाली आले तर यंत्र सोफ्यावर उलटं पडलेलं. मी त्याला हात लावला नव्हता. जावई फोन घेऊन खिडकीशी उभे होते. मी दोघांचा चहा ठेवला.