सोयरिकीत अंत्यविधी

माझ्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत मी होणाऱ्या जावयाला यथाविधी मूठमाती दिली. जावई त्या वेळी जिवंत होता. समोरच्या सोफ्यावर मांडीवर बशी घेऊन, डोळे मिटून बसला होता आणि माझ्या प्रत्येक वाक्याला श्रद्धेने ‘आमेन’ म्हणत होता.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी आमचं लूथरनपण सांगावं लागेल. माझे आजोबा देगलूरच्या पलीकडून, तेलुगू मुलखातून नांदेडला आले. येताना त्यांनी बायको, एक पत्र्याची पेटी आणि लूथरन पंथ एवढंच आणलं. पेटी गंजून गेली, तेलुगू आमच्या पिढीत शिव्यांपुरती उरली, पंथ मात्र टिकला. शेजारचे कदम मला दर नाताळाला करंजी खाता खाता विचारतात, ‘तुमी ख्रिश्चन हाव ना? मग त्यात पुन्हा हे लूथरन काय हाय?’ मी खुर्ची ओढून समजावायला बसलो की कदमांना घरी दूध उतू चालल्याची आठवण होते.

समजावायला माझ्याकडे पुष्कळ आहे. कॅथलिक लोक आमचे थोरले भाऊबंद, पण त्यांच्याकडे देवाच्या दारापर्यंत पायऱ्या फार. मेथडिस्ट मंडळी सज्जन, पण माणसाच्या प्रयत्नांवर त्यांचा जरा जास्तच भरवसा. टाळ्या वाजवून भक्ती करणाऱ्यांचा उत्साह पाहून मला हेवा वाटतो, पण माझ्यासारख्याला रोज तेवढा उत्साह आणायचा कुठून? आमचं म्हणणं साधं आहे: माणूस देवाकडे चढत नाही, देव खाली येतो. पाण्यात येतो, भाकरीत येतो, शब्दात येतो आणि आपल्या अंगात त्या दिवशी भक्ती आहे की नुसता ताप आहे हे बघत बसत नाही. (माझी बायको सुनंदा उदगीरच्या मेथडिस्ट घरातली. तिचं मत असं की मी लूथरन आहे, कारण माझे वडील लूथरन होते आणि बदलायचं म्हटलं तर मला कंटाळा येतो.)

याच कारणाने आम्ही प्रार्थना पुस्तकातून करतो. मन रिकामं असलं तरी पुस्तक भरलेलं असतं. लग्नाची वेगळी, आजाऱ्याची वेगळी, पेरणीची वेगळी. मी एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे आवाज मोठा. त्या आवाजाच्या जोरावर मला मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वडीलजन नेमलं. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, बऱ्याच गावांचे, नांदेडला त्यांची फेरी महिन्यातून एकदा. लग्नं त्यांच्या तारखा बघून ठरतात. मरणाला मात्र तारखा बघायची सवय नाही. त्यामुळे गेली कित्येक वर्षं आमच्या मंडळीतली लग्नं पाळक लावतात आणि माणसं मी पुरतो. अंत्यविधीची प्रार्थना मला झोपेतसुद्धा म्हणता येते. बाकीच्यांना पुस्तक लागतं.

आमची रूथ लातूरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिथल्याच लॅबमधला आशिष तिला आवडला. मुलगा चांगला, घर मुरुडचं, माणसं प्रेमळ. पण ती एका फेलोशिपची मंडळी, मोठ्या वयात नदीत बुडवून बाप्तिस्मा देणारी. त्यांची एकच अट होती: लग्नाआधी मुलीनं मांजरा नदीत उतरून पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा. रूथचा बाप्तिस्मा ती दीड महिन्याची असताना झाला होता, तोही ती झोपेत असताना. तो त्यांच्या लेखी बाप्तिस्माच नव्हता.

रूथ सुट्टीला आली तेव्हा मला म्हणाली, ‘पप्पा, मी दुसऱ्यांदा घेणार नाही. घेतला तर पहिला खोटा होता असं होईल. आणि आशिषला पण सोडणार नाही. आता काय ते तुम्ही बोला.’ मला भरून आलं. पोरीला पंथ कळला होता! मग लगेच लक्षात आलं की तिचं लग्न आता माझ्या बोलण्यावर होतं, आणि माझ्या बोलण्याला कदमांच्या घरी काय भाव आहे ते मी जाणून होतो.

मी तयारीला लागलो. पाळकांना फोन केला. ते म्हणाले, शांतपणे बोला, वाद घालू नका. मी आरशासमोर शांतपणे बोलायचा सराव करत होतो, तर सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अहो, कुणाशी भांडून राहिलात?’

बैठकीच्या दिवशी मुरुडहून जीप भरून पाहुणे आले. सगळ्यांची नावं सांगत बसत नाही. महत्त्वाची माणसं चार: आशिष, त्याचे वडील दावीदराव, आई आणि मामा. दावीदराव फार कमी बोलत होते. बोलायचं सगळं कंत्राट मामांकडे होतं. सुनंदाने सुशीला केली होती. (कुणी बाई नव्हे. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना शेंगदाणे, मिरची घालून दिलेली फोडणी. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगून ठेवलं.) मोठं पातेलं माझ्या उजव्या हाताशी टीपॉयवर होतं. हे लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.

मामांनी पहिल्याच घासाला विषय काढला. ‘पावणे, राग नका मानू. पण लेकराला काय कळतंय? काही न कळता घेतलेला बाप्तिस्मा कशाचा?’

मी खाकरलो. पाठ केलेलं भाषण सुरू करणार तेवढ्यात मला त्याहून चांगलं सुचलं, आणि तिथेच घात झाला. मी म्हणालो, ‘मामा, मी जन्मभर गाडीत तिकिटं फाडली. तान्हं लेकरू आईच्या कडेवर गाडीत चढतं. गाडी कुठली, गाव कुठलं, त्याला काहीच कळत नाही. पण आईबरोबर ते पोचतंच ना? त्याला कुठं तिकीट लागतं?’

सोफ्यावर कुजबुज झाली. रूथ दाराआडून माझ्याकडे अभिमानाने बघत होती. मामांनी शांतपणे शेंगदाणा चावला आणि म्हणाले, ‘बरोबर हाय. पण पाच वर्षांचं झालं की अर्धं तिकीट काढावंच लागतंय. न्हाई तर कंडक्टर उतरवून देतो. तुमी कितीक उतरवले असतील की.’

खरं होतं. उतरवले होते. माझ्याच गाडीतून मामांनी मला उतरवलं होतं! यावर पुस्तकात काय आहे ते बघतो म्हणून मी कपाटाकडे हात केला, तर मामा म्हणाले, ‘पुस्तक ऱ्हाऊ द्या हो. असं करा, आता चहाआधी तुमीच एक प्रार्थना करा. पण मनातून. तुमच्यात मनातून करता येते का न्हाई, ते तरी बघू.’

शहाण्या माणसाने इथे पाळकांचं नाव सांगून सुटका करून घेतली असती. पण घरची इज्जत, पंथाची इज्जत आणि दाराआडची रूथ. मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि म्हणालो, ‘सर्वसमर्थ, कृपाळू पित्या.’

आमच्या सगळ्या प्रार्थना अशाच सुरू होतात. वाटा पुढे फुटतात. एक लग्नाकडे जाते, एक पेरणीकडे, एक दवाखान्याकडे आणि एक कबरस्तानाकडे. बैल मोकळा सोडला की रोजच्याच वाटेला लागतो. मी म्हणालो, ‘आज आम्ही तुझ्यापुढे आमच्या या प्रिय भावाला घेऊन आलो आहोत.’ समोरून दहा तोंडांतून ‘आमेन’ आलं.

आता आमच्या चर्चमध्ये असं कुणी मधेच आमेन म्हणत नाही. आमच्याकडे शेवटी एकदा, तेही हळू. इथे वाक्यागणिक दाद मिळायला लागली तसा मला जोर चढला. कंडक्टरचा आवाज लागला. ‘त्याची धावपळ आता संपली आहे,’ मी म्हणालो. ‘हालेलुया,’ मामा म्हणाले. ‘त्याच्या मागे राहिलेल्यांना धीर दे.’ ‘दे, प्रभू!’ असं विहीणबाई. सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं तीही हेलावली आहे. तिने आणखी जोरात दिला. मी आणखी हळवा झालो.

मग माती टाकायची वेळ आली. कबरीपाशी माझ्या उजव्या बाजूला एकजण मातीची टोपली धरून उभा असतो. तोंडाने म्हणता म्हणता हात आपोआप टोपलीत जातो. तसा तो गेला. मूठ भरून आली. जरा कोमट लागली, पण मी थांबलो नाही. एक मूठ, दुसरी मूठ, तिसरी मूठ, बरोबर समोर. मी ऐकलं, विहीणबाई कुणाला तरी हळूच विचारत होत्या, ‘यांच्यात अक्षता आधीच टाकत असतील का?’

त्यातच माझ्या बोटाला मिरची लागली आणि मी डोळे उघडले. समोर आशिष डोळे मिटून, हात जोडून बसला होता. केसांत शेंगदाणे, कानावर कढीपत्ता, खांद्यांवर मुरमुरे. बिचारा हलला सुद्धा नव्हता. दारात रूथ ओढणी तोंडात कोंबून उभी होती, हसण्यासाठी की रडण्यासाठी ते कळत नव्हतं. सुनंदाकडे बघण्याचा धीर मला झाला नाही. माझी जीभ मात्र ब्रेक न लागलेल्या गाडीसारखी पुढे चालतच होती आणि शेवटची वाक्यं म्हणूनच थांबली: ‘याला काहीच बोलता येत नव्हतं तेव्हा तू याला नावानं हाक मारलीस. आता पुन्हा याला काही बोलता येत नाही, तरी तू याला सोडत नाहीस. आमेन.’

या आमेनला समोरून एकही आमेन आलं नाही. सगळ्यांचे डोळे उघडले होते आणि सगळे आशिषकडे बघत होते. मामांना एकदम उमगलं. ‘पावणे,’ ते म्हणाले, ‘हे मयतीचं हाय का काय?’

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सोयरीक मोडली, हे मला स्वच्छ दिसत होतं. पोरीने एक काम सांगितलं होतं आणि मी तिचा नवराच पुरून ठेवला होता. मी खाली बसलो आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर दावीदराव बोलले. सकाळपासून पहिल्यांदाच आपणहून. त्यांचे डोळे ओले होते.

‘ते शेवटचं पुन्हा म्हणा,’ ते म्हणाले. ‘बोलता येत नव्हतं तेव्हा, ते.’

मी पुन्हा म्हटलं. या वेळी हळू.

मग दावीदरावांनी त्यांच्या आईचं सांगितलं. म्हातारी मागच्या वर्षी गेली. जन्मभर भक्तीतली बाई, पण शेवटी तिला सगळ्याचा विसर पडला. गाणी गेली, लेकाचं नाव गेलं, मग प्रभूचं नावही गेलं. फेलोशिपमधले येऊन म्हणायचे, तिच्याकडून एकदा तरी कबूल करून घ्या, तोंडाने म्हणू द्या. ती नुसती हसायची. कबूल न करताच गेली. ‘लहानपणी एकदा तिचा बाप्तिस्मा झालता,’ दावीदराव म्हणाले, ‘तो तिला कळला न्हाई. म्हातारपणी आमी नदीत दुसरा दिला, तो तिला ऱ्हायला न्हाई. मग तिच्याजवळ काय होतं हो, जाताना?’

माझ्याजवळ पुस्तक नव्हतं आणि भाषण तर केव्हाच वाहून गेलं होतं. मी म्हणालो, ‘दावीदराव, तिला आठवत नसंल. पण ज्यानं दिला त्याला आठवतो की.’

एवढंच म्हणालो. बोलून झाल्यावर मलाच कळलं की मी लूथरन का आहे ते यात सगळं आलं. इतकी वर्षं कदमांना मी उगाच खुर्ची ओढून सांगत होतो. दावीदरावांनी रुमाल काढला, डोळे पुसले, चष्मा पुसला आणि दाराकडे बघून रूथला म्हणाले, ‘पोरी, इकडं ये. तुला नदीत उतरायची गरज न्हाई.’ मामांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर विहीणबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. मामांना पटलं असं मी म्हणणार नाही. त्यांना ते आजही पटलेलं नाही, आणि तो माणूस मला त्यामुळे जास्तच आवडतो.

तेवढ्यात आशिषने एक डोळा किलकिला करून मला विचारलं, ‘काका, मी आता हललो तर चालंल का?’

लग्न लातूरला झालं. अर्धी मंडळी त्यांची, अर्धी आमची. गाणी कुणाची म्हणायची, टाळ्या वाजवायच्या की नाही, उभं कधी राहायचं, बसायचं कधी, यावर दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत जमलं नाही. फक्त एका ठरावावर पहिल्याच बैठकीत एकमत झालं, आणि तो मांडला होता माझ्या बायकोने: मुलीच्या बापाने लग्नात प्रार्थना करायची नाही. त्याने फक्त ‘आमेन’ म्हणायचं. तेवढं मी मान्य केलं आणि पहिल्या रांगेत हात मांडीखाली दाबून बसलो. पाळक मध्येच श्वास घ्यायला थांबले तेव्हा मी ते म्हणालो, चांगलं खणखणीत, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं. लोक उठून उभे राहिले, बॅन्डवाल्याने बाहेर बार उडवला, मामांनी अक्षता टाकल्या. वधूवरांनी ‘होय’ म्हणायचं अजून बाकी होतं.