सहा दिवस आणि सहा कोटी वर्षं

बुलढाण्याच्या बसस्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच फलाटावर आलं होतं. सुट्टी संपवून मी कॉलेजला परत निघाले होते. खिडकीजवळची जागा धरली, मम्मीनं बांधून दिलेला भाकरी-ठेच्याचा डबा मांडीवर घेतला, आणि तेवढ्यात पप्पा दाराशी येऊन म्हणाले, "करुणा, खाली ये जरा. प्रार्थना राह्यली."

मी उतरले. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि वर्गात शिकवायच्या त्याच आवाजात देवाशी बोलायला लागले. ही पोर दूर चालली आहे, हिला सांभाळ, हिच्या बुद्धीला उजेड दे. कंडक्टर थांबला होता. खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. कॉलेजच्या दोन पोरी ओढणीत तोंड लपवून हसत होत्या. माझे डोळे उघडेच होते. पप्पांचं आमेन व्हायच्या आधी मी गाडीत चढले होते.

देऊळघाटला आम्हाला कधी लाजावं लागलं नव्हतं. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एका बाजूला कास्तकार पाटलांचं घर, दुसऱ्या बाजूला रहीमचाचांचं. माझ्या परीक्षेच्या वेळी चाचा पप्पांना म्हणायचे, "मास्तर, तुम्ही बी मांगा, आम्ही बी दुवा मांगतो. कोणाचं तरी ऐकंनच." देवाला मानणं ही तिथं लपवायची गोष्टच नव्हती. लाजायचं मी पुण्यात शिकले. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात तोंडातून "मले" निघालं आणि खोलीभर हशा पिकला. आधी मी भाषा धुऊन काढली. मग गळ्यातला क्रूस काढून पेटीत ठेवला.

पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आठवडाभर ते विज्ञान शिकवायचे: पृथ्वी तापलेला गोळा होती, हळूहळू थंड झाली. रविवारी बुलढाण्याच्या चर्चमध्ये संडेस्कूल घ्यायचे: देवानं सहा दिवसांत सगळं केलं. दोन्ही ठिकाणी आवाज तोच, खडू तोच. लहानपणी मी विचारलं होतं, यातलं खरं कोणतं? ते म्हणाले, "हे शाळेचं, ते चर्चचं. दोन्ही पाठ कर." मी दोन्ही पाठ केलं आणि दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं. पुढची कितीतरी वर्षं मी त्या दोन कप्प्यांतच राहिले.

भूशास्त्र शिकले, मग जर्मनीला आले. इथं मी दगडांचं वय काढते. आपल्याकडचा काळा दगड, ज्याच्यावर आपण कपडे आपटतो, ज्याच्या भिंती बांधतो, तोच. तो फोडायचा, दळायचा, त्यातले बारीक कण निवडून यंत्रात घालायचे. वाट बघायची. पहिल्यांदा माझ्या हातून आकडा आला तो सहा कोटी वर्षांच्या पुढचा. पुस्तकात तो कधीपासून होता, पण आता तो मी काढला होता. त्या क्षणी मला प्रार्थना करावीशी वाटली. आणि कोणी बघत तर नाही ना, म्हणून मी आधी मागं वळून पाहिलं.

कॅन्टीनमध्ये जेवताना कधीकधी विषय निघायचा. शेजारच्या टेबलावर काम करणारी बिर्गिट मनानं चांगली, पण सहा दिवसांत जग झालं म्हणणाऱ्यांची नक्कल फार छान करायची. सगळे हसायचे. मीही हसायचे. ती नक्कल माझ्या बापाची आहे, हे तिला माहीत नव्हतं, मला होतं. रविवारी काय करतेस, असं तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, पोहायला जाते. खरं तर मी ट्राम पकडून चर्चला जायचे आणि सगळ्यात मागं बसायचे. पोहणं मला अजूनही येत नाही.

मागं एकदा नाताळाच्या सुट्टीत घरी गेले. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर मला बोलायला उभं केलं: आपली मुलगी परदेशात शास्त्रज्ञ आहे. पप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी इथल्या बर्फाबद्दल बोलले, अभ्यासाबद्दल बोलले, देवाच्या कृपेबद्दल बोलले. शेवटी चर्चच्या पंचकमिटीचे जोसेफकाका उठले. यांच्या मांडीवर मी लहानपणी बसलेली. चर्चच्या काळ्या भिंतीवर तळवा ठेवून त्यांनी विचारलं, "मंग हा दगड किती जुना हाय, सांग बरं."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पप्पा पहिल्या रांगेत होते. मी म्हणाले, "काका, ते मोजायच्या पद्धतीवर असतं. नक्की असं सांगता येत नाही."

"पाहा," काका सगळ्यांकडे वळून म्हणाले, "यायलेच नक्की मालूम नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले, कॅन्टीनमध्ये हसायचे तशीच.

दुपारी घरी पप्पांनी ताट पुढं सरकवलं आणि जेवले नाहीत. मम्मी आत-बाहेर करत राहिली. मग ते म्हणाले, "तुले उत्तर मालूम होतं ना?"

"हाव."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"तुमच्यासाठी, पप्पा. चार लोकांत तुमाले खाली पाहा लागू नये म्हणून."

"मले अजून बी सहा दिवसच पटतेत," ते म्हणाले. "तुहं शास्त्र माह्या डोक्यात नाही बसत, आता बसणारबी नाही. पण देवाची बाजू घ्यायले तुले खोटं बोला लागत असन, तं तू कोणाची बाजू घेऊन राह्यली व माय?"

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. इकडे विश्वास लपवायचा, तिकडे अभ्यास लपवायचा. दोन्हीकडे मी अर्धीच होते. लोकांना वाटायचं, माझ्या आत विज्ञान आणि देव यांचं भांडण असेल. पण मी वाकून वाकून पाहिलं तर तसं भांडण नव्हतंच. जो दगड मी दळते तो त्याचाच, आणि दगडात साचलेला काळही त्याचाच. तो काळ नीट वाचणं, एक आकडाही इकडचा तिकडे न करणं, हीसुद्धा माझी उपासनाच होती. आत सगळं जुळलेलं होतं. मला फक्त ते चारचौघांत म्हणायची लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी, परत निघायच्या आधी, मी पाळकसाहेबांकडे दोन मिनिटं मागितली.

"जोसेफकाका, मागच्या वेळी मी टाळलं. हा दगड सहा कोटी वर्षांहून जुना आहे, आणि पृथ्वी त्याहून कितीतरी जुनी. हे काम मी स्वतः करते. आणि माझा प्रभूवर विश्वास आहे."

"मंग पवित्र शास्त्र खोटं हाय का?"

"नाही काका. कोणी केलं ते तिथं सांगितलंय. किती वेळ लागला ते त्यानं दगडात ठेवलंय. दगडही त्याचाच ना?"

दोन कुटुंबं उठून बाहेर गेली. मम्मी पदराच्या टोकाकडे बघत होती. पप्पा जागचे हलले नाहीत. मी खाली उतरले तेव्हा त्यांनी बाकावर सरकून मला जागा दिली.

जर्मनीला परत आल्यावर बिर्गिटला सांगितलं, मला पोहता येत नाही, रविवारी मी चर्चला जाते. मला वाटलं होतं, ती हसेल किंवा वाद घालेल. तिनं एवढंच विचारलं, "मग पोहायला म्हणून का सांगितलंस?" तिच्या नकलेपेक्षा हे जास्त लागलं. ती हसली असती की नाही, हे पाहायची संधीच मी तिला दिली नव्हती.

काही आठवड्यांनी मम्मीच्या तोंडून फोनवर निसटलं. पंचकमिटीनं पप्पांना संडेस्कूलमधून मोकळं केलं होतं. तब्येतीचं कारण दिलं, आणि तब्येत तर ठणठणीत. त्याआधी किती वेळा आमचा व्हिडिओ कॉल झाला होता! पप्पा सोयाबीनचं बोलले, रहीमचाचांच्या नातवाचं बोलले, याबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जाऊ दे. मागच्या बाकावर गाणं चांगलं ऐकू येते."

या वर्षी ईस्टरला मी गेले होते. त्यांच्या शेजारी मागच्या बाकावर बसले. व्हरांड्यात नवे शिक्षक मुलांकडून म्हणवून घेत होते, पहिल्या दिवशी काय केलं, दुसऱ्या दिवशी काय केलं. मुलांच्या आवाजाबरोबर पप्पांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. मी समोर बघत राहिले.

मी खरं बोलले याची मला लाज नाही. त्याची किंमत मी विमानात बसून गेल्यावर त्यांनी भरली, याची आहे. ती काही जात नाही.

उपासना संपल्यावर दुसरबीडहून नव्यानं आलेलं एक कुटुंब सलाम करायला थांबलं. जोसेफकाका दोन पावलांवर उभे होते. त्या माणसानं विचारलं, ही कोण? पप्पा म्हणाले, "माही पोरगी. दगडाचं वय काढते. करोडो वर्षांचं सांगते." जरा थांबून म्हणाले, "मले नाई पटत. पण मोजते बराबर."

गाव सोडून गेलेल्या माझ्यासारख्यांनो, आणि देऊळघाटच्या माझ्या माणसांनो, घर कुठं असं इथं कोणी विचारलं की पूर्वी मी नकाशावर बोट ठेवायचे. आता माझ्या डोळ्यांपुढं तो माणूस येतो. त्याला माझं पटत नाही, आणि तो बाकावर सरकून मला जागा करून देतो.