शिरोलीच्या भट्टीची भाषा

शाळा सुटली की मी शाहूपुरीत ताईच्या ऑफिसात जाऊन बसते. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलीसमोर लोक काहीही बोलतात, म्हणून किस्से माझ्याकडे आपोआप साठतात. पंखा फिरतो, पडद्यावर हिरवी अक्षरं तरंगतात, आणि ताई व तिथले जुने प्रोग्रॅमर शिंदेकाका भांडतात.

भांडण भाषेवरून. शिरोलीच्या कारखान्यातल्या भट्टीची उष्णता मोजणारा प्रोग्रॅम काका ‘असेंब्ली’ या जुन्या भाषेत लिहितात. ताईला तो नव्या ‘सी’ भाषेत लिहायचाय. ती आधी इथे टायपिंग करायची. ऑफिसचे मालक तिला म्हणाले, "एकदा करून बघ. न्हाई चाललं, तर परत टायपिंग."

*

काका म्हणाले, "आमची भाषा थेट मशीनच्या कानात बोलतीया. तुझ्या भाषेला मधी दुभाषी लागतोय."

ताई म्हणाली, "पण काका, कानातलं तिसऱ्याला ऐकू येत नाही की!"

*

दुभाष्याचं हे काम म्हणजे कंपाइल. ते चालू असेपर्यंत काका खाली चहाला जातात. एके दिवशी ताईच्या चुका निघतच राहिल्या, कंपाइल पुन्हा पुन्हा करावं लागलं. संध्याकाळी काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "नवी भाषा वाईट न्हाई. पित्त तेवढं लई वाढतंय."

*

एका दुपारी काकांना जुन्या प्रोग्रॅममध्ये छोटासा बदल करायचा होता. ऊन टेबलावरून भिंतीवर चढलं, तरी ते वाचतच होते. शेवटी चिडले, "कुठल्या शहाण्यानं लिवलंय हे?"

ताई हळूच म्हणाली, "वर तुमचंच नाव आहे."

काका म्हणाले, "मग बरोबरच असंल."

*

प्रोग्रॅम ज्या चिपमध्ये भरतात, तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. आठवडाभर कडक उन्हात ठेवली की आतलं सगळं पुसलं जातं, चिप कोरी होते.

रविवारी शिरोलीला ताईचा प्रोग्रॅम भरलेली चिप मशीनमध्ये बसवली. मीही गेले होते. भट्टीचा नारिंगी उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पाण्यासारखा हलत होता. ताईने माझा हात धरला होता. उष्णतेचे आकडे सावकाश चढले आणि ठरलेल्या आकड्यावर नेमकी घंटा वाजली. मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता हीच."

सगळे पांगल्यावर काकांनी शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक चिप काढली. ताईने विचारलं, हे काय?

"तुझं अडलं असतं तर बसवायला. माझ्या भाषेत लिवून आणलं हुतं."

ती ताईच्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "उन्हात टाक जा, पोरी."