कमरेचा पट्टा

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलं की आमच्या आईला कंठ फुटायचा. समोरच्या बाईचा ड्रेस, शेजारच्या काकांचं घोरणं, कुणाच्या तरी नखांचा रंग, सगळ्यावर खणखणीत मराठीत शेरे. "अगं, हळू," म्हटलं की म्हणायची, "इथे कुणाला कळतंय?" मी वैतागायचे, पण मनातून मलाही ते पटलेलं होतं. सिंगापूरमध्ये मराठी म्हणजे कुलूप, आणि किल्ली आपल्याच घरात.

नर्सिंगच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी आम्हाला एक असाइनमेंट होती. नोकरी करणाऱ्या नर्सला समोरासमोर भेटून तिची मुलाखत घ्यायची. आधीच्या बॅचमधल्या काही दिवट्यांनी घरी बसून मुलाखती रचल्या होत्या, म्हणून आता अख्खं रेकॉर्डिंग जमा करायचं होतं, कुठेही न कापता. नर्सचं नाव तेवढं येऊ द्यायचं नव्हतं.

मला नर्स गाठून दिली ती आईनेच. गणपतीच्या आरतीला तिची ओळख झाली होती. मिरजेकडची, तिशीतली, नवरा आणि मुलगा गावी. पासिर रिसला इतर नर्सेसबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. मी आमच्या चोआ चू कांगहून निघाले ती थेट बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेले. सकाळची ड्यूटी संपवून ती ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये आली. बसताना तिने आधी टेबल धरलं, मग सावकाश खुर्चीत टेकली. ताई दमल्यात, एवढंच मला वाटलं.

मुलाखत इंग्रजीत सुरू झाली. कामात सगळ्यात अवघड काय वाटतं, असं विचारलं तर म्हणाली, "टाइम मॅनेजमेंट." माझं डोकंच फिरलं. हे तर पुस्तकात होतं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?

"ताई, मराठीत सांगा ना," मी म्हटलं. "खरं काय ते सांगा."

तिने चहाचा कप बाजूला सारला.

"खरं सांगू? माझी कंबर गेलीय. पेशंटला कुशीवर वळवताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. युनिफॉर्मच्या आत पट्टा बांधते. वॉर्डात कुणाला बोलले नाही. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. आमच्या मोठ्या सिस्टरना कळलं तर परत पाठवतील, आणि घरी सगळे माझ्याच तोंडाकडे बघून बसलेत." मग तिने माझा हात धरला. "हे लिहू नकोस हं, बाळा."

"नाही लिहिणार," मी म्हटलं.

आणि लिहिलंही नाही. फोन मात्र टेबलावर रेकॉर्डिंग करत चालूच होता, आणि त्याचं भान आम्हा दोघींनाही नव्हतं. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. पण कापायची सोय नव्हती, आणि म्हटलं, आमच्या चिनी लेक्चररबाईंना मराठीतलं काय कळणार आहे? फाइल जमा करून मी शांत झोपले.

वर्गात मुलाखती सादर करायच्या दिवशी एक पाहुण्या आल्या होत्या. एका हॉस्पिटलच्या हाडांच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, मूळच्या केरळच्या. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. लेक्चररबाईंनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. ताईंचं हॉस्पिटल, ताईंचा वॉर्ड. ज्यांना कळू द्यायचं नव्हतं त्या मोठ्या सिस्टर माझ्यापासून दोन बाकं सोडून बसल्या होत्या.

मी इंग्रजीतला तुकडा शोधून ठेवला होता, पण लेक्चररबाई प्रत्येकाच्या रेकॉर्डिंगमधला मधलाच कुठलातरी भाग लावत होत्या. माझा नंबर आला. त्यांनी माउस सरकवला आणि वर्गभर ताईंचा आवाज घुमला. "खरं सांगू? माझी कंबर गेलीय..."

मुलं फिदीफिदी हसायला लागली, कसली भाषा म्हणून. मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. सगळं वाजलं. पट्टा, कॉन्ट्रॅक्ट, मोठ्या सिस्टर, सगळं. मुख्य सिस्टरनी मान वर केली. आवाज ओळखला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काय म्हणतेय ती?" लेक्चररबाईंनी विचारलं.

माझं तोंड आपोआप चालू झालं. म्हटलं, "ती म्हणतेय, पेशंटला वळवणं हे कष्टाचं काम आहे. नव्या नर्सेसनी कंबर सांभाळावी. एकटीने उचलू नये, मदत मागावी."

"हे ती स्वतःबद्दल सांगतेय का?" मुख्य सिस्टरनी विचारलं.

"नाही मॅडम. इतरांबद्दल."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "चांगला सल्ला आहे." पुढचा मुलगा उठला. मी बसले तेव्हा आत कुठेतरी फुशारले होते. वाचवलं मी ताईंना, असं वाटत होतं.

तास संपल्यावर लिफ्टपाशी मुख्य सिस्टर मागून आल्या.

"भाषांतर छान करतेस," त्या म्हणाल्या. मराठीत. त्यांचा 'ळ' आमच्या आईपेक्षा ठसठशीत होता, हे पुढच्या वाक्यांत कळलं. "परळच्या हॉस्पिटलात होते मी. माझी मुलं तिथेच वाढली."

"प्लीज, त्यांना परत पाठवू नका," एवढंच मला सुचलं.

"ती अजून पेशंट उचलतेय. उद्या तिची कंबर धरली आणि एखादी म्हातारी हातातून सुटली तर? बसवलेलं हाड पुन्हा मोडलं तर? तेव्हा पण तू भाषांतर करणार?"

खरंच सांगते, पेशंट माझ्या डोक्यात आलाच नव्हता. एवढ्या सगळ्यात एकदाही नाही.

"तिची ओपीडीत बदली करून घेते," त्या म्हणाल्या. "तिथे उचलायचं काम नाही. कॉन्ट्रॅक्टचं मी बघते. पण मला मराठी येतं, हे तिला सांगायचं नाही. माझ्या वॉर्डात मराठी मुली आहेत. माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. कोण आजारी आहे, कोण रडून आलीय, मला त्यातूनच कळतं. त्यांना कळलं तर सगळ्या गप्प होतील."

"मग ताईंना वाटेल मीच सांगितलं."

"वाटेल. चालेल तुला?"

नव्हतं चालणार. राग असा आला होता की रडू फुटेल. तरी मी मान हलवली.

पुढच्या महिन्यात ताईंचा मेसेज आला. कॉन्ट्रॅक्ट झालं होतं, ओपीडीत बदली झाली होती. खाली एकच ओळ होती. "तुला विश्वासाने सांगितलं होतं गं." मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी काहीच पाठवलं नाही. पुढच्या गणपतीत त्यांनी आईकडे पाहून तोंड फिरवलं. आई घरी येऊन म्हणाली, "काय केलंस तू त्या बाईला? एवढी चांगली बाई." मी म्हटलं, काही नाही. आईशी त्यावरून माझं कडाक्याचं भांडण झालं, आणि तरी मी बोलले नाही.

तिसऱ्या वर्षी माझी अटॅचमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग, त्याच हॉस्पिटलात लागली. एकदा लिफ्टमध्ये शिरले तर आत ताई. कडेवर कुणाचंतरी प्लास्टर घातलेलं पोर होतं आणि त्या आरामात उभ्या होत्या, पाठ एकदम सरळ. मला बघून त्यांचं हसू थांबलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघी आणि ते पोर, बाकी कुणी नव्हतं.

"ताई," मी म्हटलं.

त्यांनी बटणांकडे हात नेला आणि कितवा मजला, असं मला इंग्रजीत विचारलं.