राणीच्या दुकानातली लाल रेघ

आखाडा बाळापूरला हमरस्त्याच्या कडेला जळबा खिल्लारेंचं दुकान आहे. हळद शिजवायच्या कुकरांचं, पाण्याच्या मोटारींचं, मळणीयंत्रांचं सामान तिथं मिळतं. सायकलींची पंक्चरं काढत काढत जळबांनी ते उभं केलेलं. छताला पट्टे लोंबायचे, भिंतीभर पुल्या, दाराशी पाइपांची भेंडोळी. आत शिरायचं तर अंग चोरून. दुकान कसं गच्च भरलेलं दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

त्यांची सून राणी हिंगोलीत बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई, मालनबाई, चुलीपाशी कुणाला फिरकू देत नव्हत्या, म्हणून ती दुकानात बसायला लागली ती बसलीच. नवरा प्रेमानंद फिटर. गाडीला पान्ह्यांची पिशवी अडकवून तो शिवारात कुकर दुरुस्त करत हिंडायचा.

गेल्या साली हळदीची शिजवणी ऐन भरात असताना भावसिंग राठोड दुकानात आला. तांड्यावरचा हा गडी भाड्यानं कुकर चालवतो. वाफेनं हळद शिजवायचं ते धूड ट्रॅक्टरला जोडून या शेतातून त्या शेतात नेतो. त्याच्या ड्रमच्या झाकणाचं रबरी पॅकिंग फाटलं होतं.

राणीनं शोधशोध शोधलं. पुल्यांच्या मागं पाहिलं, माळ्यावर चढली. पॅकिंग नव्हतं.

"वहिनी, एवढं सामान टांगून ठेवलं तुमी," भावसिंग म्हणाला, "अन् रबराचं एक कडं न्हाई? तिकडं ड्रमात हळद अर्धी कच्ची पडून राहिली माझी."

तो तसाच नांदेडला पळाला. परत येईस्तोवर ती हळद बिघडली ती बिघडलीच. चूक आपली, हे राणीला कुणी सांगायची गरज नव्हती.

कॉलेजात ती मालाची वर्गवारी शिकली होती. सगळ्या मालावर सारखं लक्ष ठेवायचं नाही; जास्त मोलाचा अ गटात, मधला ब, किरकोळ क. हंगाम सरल्यावर तिनं दुकान तसं लावायला घेतलं. मोटारी, ब्लोअर, तांब्याची तार अशा महाग वस्तू नजरेसमोर आल्या. पॅकिंग, नट, वायसर डब्यात जाऊन मागच्या फळीवर पडले.

प्रेमानंद दारात उभा राहून बघत होता. "हे काय करून राहिलीस?"

"महागाचं पुढं, स्वस्ताचं मागं. पुस्तकात असंच हाय."

"पुस्तकाचं बराबर असंल. पण भावसिंगचं काय अडलं होतं? मोटार का रबर?"

राणीनं हातातला डबा जमिनीवर ठेवला. मग खाली बसली. "या इथं," ती म्हणाली, "आता मला एकेक वस्तू सांगा. ही नसली तर कुकर बंद पडतो का?"

दुपारभर दोघं जमिनीवर सामान पसरून बसले. प्रेमानंद वस्तू उचलायचा, सांगायचा आणि राणी ती जागेवर लावायची. जिच्यावाचून काम ठप्प होतं ती हाताशी: पॅकिंग, वाफेचा पाइप, सेफ्टी व्हॉल्व. जिच्यासाठी दोन दिवस थांबता येतं ती मधल्या फळीवर. जिची कुणालाच घाई नसते तिचा एकच नग ठेवायचा, बाकी मागणी आली की आणायचं. महागाच्या वस्तूंवर तिची नजर राहिलीच, पण त्या आता गरजेपुरत्याच यायच्या. हाताशी असलेल्या प्रत्येक वस्तूसाठी तिनं पारदर्शक बरणी केली, मोठ्या वस्तूंना फडताळाचा खण. बरणीवर आणि खणावर लाल रंगाची रेघ मारली. माल रेघेखाली गेला की मागवायचाच, बरणी रिकामी व्हायची वाट बघायची नाही.

जळबा लग्नाला गेले होते. आले ते दारातच थबकले. भिंती उघड्या, छत मोकळं.

"राणी, दुकान काहून उठवलं?"

"उठवलं न्हाई मामा, लावलं."

"गिऱ्हाईक म्हणंल, जळबाचं दिवाळं निघालं. अन् रेघा मारून काय व्हते?"

राणीनं पुल्या काही परत टांगल्या नाहीत. सासरे त्यानंतर रोज दुकानात यायचे, पण तोंड रस्त्याकडं करून बसायचे. ते तिला फार लागायचं. आपलं चुकलं तर या माणसाच्या हयातभराच्या कष्टावर पाणी पडेल, असं मनात यायचं. ती बरण्या पुसत राहायची.

यंदा होळीच्या तोंडावर आभाळ भरून आलं. काढलेली हळद भिजेल म्हणून सगळे एकदम शिजवणीवर तुटून पडले. कुकर विसावा न घेता चालले आणि एकापाठोपाठ एक फुसफुसायला लागले. त्यात सणामुळं नांदेडची दुकानं बंद, मालाच्या गाड्याही उभ्या.

भावसिंग आला तो गाडीवरून न उतरताच ओरडला, "वहिनी, पॅकिंग नसंल तर आत्ताच सांगा, मी पुढं वसमतला—"

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत पॅकिंग काउंटरवर होतं.

भावसिंग खाली उतरला. पॅकिंग हातात घेऊन त्यानं उलटसुलट केलं, जणू खोटं निघेल.

"भाऊ, सेफ्टी व्हॉल्व चालू हाय का तुमचा?" राणीनं विचारलं.

"अडकला हाय जरासा. वाफ वाया जाते म्हणून तारेनं बांधला."

राणीनं पॅकिंग त्याच्या हातातून काढून घेतलं. "मग हे एकटं मिळणार न्हाई. वाफ कोंडली तर टाकी फुटंल. माणसं उभी असतेत तिथं. " तिनं पान्ह्यांची पिशवी भरणाऱ्या प्रेमानंदकडं बोट केलं. "हे येतील सोबत, नवा व्हॉल्व बसवतील. आधी व्हॉल्व, मग पॅकिंग."

 भावसिंग हसला. "चला प्रेमानंदभाऊ. वहिनी ऐकत नसते."

तासाभरात तांड्याच्या शिवारात कुकर पुन्हा धडधडायला लागला. दाब वाढला तसा नवा व्हॉल्व खणखणीत शिट्टी मारून मोकळा झाला, आणि भोवतीच्या बायांनी आधी दचकून मग खळखळून हसत टाळ्या पिटल्या.

बाळापूरला सामान मिळतं, ही बातमी वाऱ्यासारखी गेली. कळमनुरीकडून, वसमतकडून गाड्या येऊन दुकानापुढं लागल्या. राणी देत होती, प्रेमानंद बसवायला धावत होता. एकही गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं नाही. गर्दी बघून जळबांनी खुर्ची फिरवली आणि काउंटरमागं उभे राहिले.

"राणी," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं असं, "पाइप रेघेला टेकला बघ. सण संपला की पहिला फोन त्याचा कर."

राणीनं मान वळवली. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

पाऊस आला तेव्हा शिवारातली हळद शिजून ताडपत्रीखाली गेली होती. पुढच्या बाजाराला भावसिंगनं दुकानात पेढे वाटले, पहिला पेढा जळबांना.

त्यानंतर साखऱ्याहून संगिता चव्हाण आली. तिचं तिथं जनावरांच्या औषधांचं छोटं दुकान आहे. माल भरपूर, पण नड लागली की नेमकं तेच संपलेलं. माझंही दुकान असं लावून द्या, म्हणाली. राणी सासऱ्यांना घेऊनच साखऱ्याला गेली. औषधांच्या फळ्यांपुढं पदर खोचून उभी राहिली आणि तिनं गावच्या जनावरांच्या डॉक्टरांनाही तिथंच बोलावून घेतलं.

"सांगा साहेब," ती म्हणाली, "यातलं काय नसलं तर जनावर हातचं जाते?"

डॉक्टर बाटल्या उचलायला लागले. जळबांनी लाल रंगाचा डबा उघडून ब्रश संगिताच्या हातात दिला.